वेचणीतली दुरुस्ती

६ जानेवारी, सोमवार

सकाळी चहाच्या आधी फोन उघडला आणि तोंडाची चव गेली. घरच्यांच्या ग्रुपवर एकोणचाळीस शुभ सकाळी. गुलाबावर दव, दवावर देव, देवाखाली चुकीची वेलांटी. त्याखाली कोणीतरी 'दणका यवतमाळ' या पेजवरची बातमी टाकलेली: 'जिल्हा हादरला, विहिरीत जे दिसले ते पाहून तुम्हीही...' विहिरीत मांजर होतं. जिवंत होतं. हे कळायला चार जाहिराती ओलांडाव्या लागल्या, त्यातली एक मूळव्याधीची.

एकतीस वर्षं मी वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होतो. लोक लिहायचे, मी चुका काढायचो. सहा वर्षांपूर्वी ते काम नागपूरला गेलं आणि मी घरी आलो. तेव्हापासून दुरुस्त करायला कोणी काही देत नाही, आणि चुका दिसायच्या थांबत नाहीत. रोज कोणाचं तरी उष्टं ताट चाटल्यासारखं वाटतं. तरी फोन उघडतोच. त्याचीही शिसारी येते.

९ जानेवारी, गुरुवार

मैत्रेयी पुण्याहून आली आहे. माझी कुरकुर ऐकून म्हणाली, "बाबा, तुम्ही चुकीच्या दाराशी उभे आहात. चांगलं लिहिणारे लोक आहेत. त्यांची स्वतःची छोटी पानं आहेत. फेसबुक ती तुमच्यापर्यंत येऊ देत नाही एवढंच."

मग तिनं फीड दाखवलं. माणसानं आपल्या पानावर नवं काही लिहिलं की त्या पानामागे एक साधी यादी आपोआप तयार होते: मथळा, तारीख, मजकूर. त्या यादीचा पत्ता आपण एकदा नोंदवायचा. मग नवं लिखाण आपणहून आपल्याकडे येतं. काय वर, काय खाली, हे मधे कोणी ठरवत नाही. जे आधी लिहिलं ते आधी. आवडलं-नावडलंचे अंगठे नाहीत. आणि यादी संपते. वाचून झालं की झालं. मला शेवटची गोष्ट सगळ्यात आवडली.

याला तीन इंग्रजी अक्षरांचं नाव आहे, पण आपल्याकडे त्या अक्षरांचा वेगळाच अर्थ निघतो. म्हणून मी नुसतं फीड म्हणणार.

१९ जानेवारी, रविवार

'वेचणी' सुरू होऊन आठवडा झाला. नाव माझ्या बायकोनं, अनघानं दिलं. जिल्ह्यातल्या अकरा छोट्या पानांची फीडं मैत्रेयीनं एका ठिकाणी आणली. लोकांनी वेचणीचा एकच पत्ता नोंदवायचा, अकराही जणांचं लिखाण त्यांना मिळतं.

राजूरचे बाबाराव खाणीतून निवृत्त झालेले. खाणीच्या साचलेल्या पाण्यावर कोणती पाखरं उतरतात ते रोज लिहितात. मुकुटबनचे एक शिक्षक कोलाम आदिवासी मुलांच्या गोष्टी टाकतात. आणि फुलसावंगीजवळच्या तांड्यावरची अंजू राठोड. अंगणवाडी सेविका आहे. आपल्या आजीचं, रुपीबाईचं, बोलणं लिहून ठेवते. तिच्या पानाला महिन्यात सात वाचक होते. वेचणीतून या आठवड्यात त्र्याहत्तर जणांनी तिला वाचलं.

फालतू जाहिरात शिरू नये म्हणून प्रत्येक मजकूर आधी माझ्यापाशी थांबतो. मी वाचून बटण दाबलं की पुढे जातो. अंजू हिऱ्यासारखं लिहिते, पण काय ती भाषा. 'मले', 'गेलती', 'करून राह्यली', मधे बंजाऱ्यांच्या बोलीतले शब्द. पहिल्याच लेखात एक्केचाळीस दुरुस्त्या केल्या. 'दादी'ची 'आजी' केली. सहा वर्षांनी हाताला काम लागलं. दुपारी झोप छान लागली.

२८ जानेवारी, मंगळवार

अंजूचा निरोप आला: "सर, माह्या लेखातलं 'मले' तुमच्या पानावर 'मला' काहून झालं?"

मी सविस्तर समजावलं. वाचक फक्त महागाव तालुक्यातले नाहीत, अमेरिकेत बसून वाचणारेही आहेत, त्यांना अडखळायला नको. शुद्ध लिहिलं की लिखाणाचं मोल वाढतं.

तिनं लिहिलं, "बरं सर."

पटलं असावं. शहाणी मुलगी आहे. अनघा म्हणाली, "पटलं असतं तर दोन शब्द जास्त लिहिले असते." अनघाला शंका काढायची सवय आहे.

३ फेब्रुवारी, सोमवार

अंजूचा नवा लेख. रुपीबाईच्या पहिल्या लग्नाचा. सतराव्या वर्षी लग्न झालं. बापानं आंदण म्हणून बैल दिला होता. नवरा त्या बैलाला मारायचा. एका पहाटे रुपीबाई बैलाला दाव्यातून सोडवून त्याला घेऊन चालू लागली, नदी ओलांडून दिवस बुडायच्या आत बापाच्या तांड्यावर पोचली. पुढे दुसरं लग्न झालं, त्या घरातली अंजू. पान-दीड पानाचा मजकूर, पण डोळ्यांसमोर बैल उभा राहतो.

मथळ्यात मात्र घोळ होता. तिनं लिहिलेलं: 'दादीनं नवरा टाकला, बैल आणला.' कर्ता-कर्म उलटं पडलंय. नवरा टाकतो, बायको टाकली जाते. हे क्रियापद असंच चालतं. दुरुस्त केलं: 'आजीला नवऱ्याने टाकले; ती बैल घेऊन परतली.' आत दोन ठिकाणी तेच वाक्य होतं, तिथंही सरळ केलं. अर्धविरामामुळे मथळ्याला वजन आलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ओकारी येणं म्हणजे काय ते आज कळलं. 'दणका यवतमाळ'वर अंजूचा लेख. अख्खा. नाव नाही, पत्ता नाही. वर मथळा: 'नवऱ्याने टाकलेल्या बंजारा आजीची कहाणी वाचून अश्रू थांबणार नाहीत.' सोबत यंत्रानं काढलेलं चित्र. घागऱ्यातली म्हातारी, गालावर मोत्याएवढे अश्रू, हाताला सहा बोटं, मागे उंट. यवतमाळ जिल्ह्यात उंट. मजकुराच्या मधोमध गुडघ्याच्या तेलाची जाहिरात.

खाली लोक हात जोडून रडून राहिले आहेत. एकानं लिहिलंय, 'अशा आज्यांना वृद्धाश्रमात जागा द्या.' जेवण गेलं नाही. घाणीत हात बुडवल्यासारखं वाटतंय, दोनदा धुतले.

१२ फेब्रुवारी, बुधवार

अंजूचा फोन. तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकला. अगदी हळू बोलते.

"सर, दादी कालपासून जेवली नाही."

त्या पहिल्या नवऱ्याचा पुतण्या देवीलाल पलीकडच्या तांड्यावर राहतो. त्यानं ती बातमी सगळ्यांच्या फोनवर पाठवली. सोबत त्याचा आवाज: 'आमच्या काकानंच हाकललं होतं तिले, आता तर छापून आलं.' शनिवारी बंजाऱ्यांच्या सेवालाल महाराजांची जयंती आहे, नैवेद्याच्या भोगाला दोन्ही तांडे एकत्र येणार. रुपीबाई म्हणते, मी भोगाला येत नाही.

"त्या चोराला मी सोडत नाही," मी म्हटलं. "तू काळजी करू नको."

ती काहीतरी बोलणार होती. मग म्हणाली, "बरं सर."

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दत्त चौकात मोबाईलच्या दुकानावर 'दणका'चं ऑफिस आहे. एक खोली, दोन कॉम्प्युटर, तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचा वास. राजकुमार म्हणून पस्तिशीतला माणूस. मला पाहून उभा राहिला, खुर्ची पुसून दिली. मी बसलो नाही. जे जे मनात होतं ते बोललो. चोर म्हटलं, गिधाड म्हटलं. तो ऐकून घेत होता.

"काका, झालं का बोलून?" तो म्हणाला. "मी कुठून घेतलं ते तर पाहा. तुमच्या वेचणीतून. अख्खा मजकूर तुम्ही फीडमध्ये देता, तो आपोआप इकडे येते. मशीन मथळा बनवते. मी तर वाचलंबी नव्हतं."

"मजकूर तिचा आहे. मथळा तू घाण केलास."

"टाकलेली हा शब्द मशीननं नाही घातला काका." त्यानं कॉम्प्युटर माझ्याकडे फिरवला. डावीकडे अंजूचं पान, उजवीकडे वेचणी. "पोरगी म्हणते, दादीनं नवरा टाकला. तुम्ही म्हणता, आजीला नवऱ्याने टाकले. आता हे उलटं कोणं केलं ते सांगा. मी काढून टाकतो, माह्यं काय जाते. पण कालच ते चाळीस हजार लोकायनं पाहून झालं."

त्यानं माझ्यासमोर बातमी काढली. चहा मागवतो म्हणाला. मी जिना उतरलो.

किती निर्लज्ज माणूस. चोरी करतो आणि वर व्याकरण शिकवतो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

चारही शब्दकोश काढले. 'टाकणे: त्याग करणे, सोडून देणे.' कोणी कोणाला, ते कुठेच लिहिलेलं नाही. मी समजत होतो की लिहिलेलं आहे.

अंजूचा मूळ लेख तीनदा वाचला. 'पहाटे दादीनं दाव्याची गाठ सोडली.' कोणी हाकललेलं नाही. ते कुठेच नाही. मी ते वाक्य वाचलं होतं, त्यातल्या 'दादी'ची 'आजी' केली होती.

तरी चूक अनवधानानं झाली. हेतू शुद्ध होता.

सायंकाळी वेचणी उघडली. अंजूच्या नावापुढे लाल अक्षरात आलं: फीड सापडत नाही. तिनं बंद केलं आहे. पान आहे, पण नवं काही लिहिलं तर ते आता कोणाकडे जाणार नाही. आज जयंती होती. रुपीबाई गेली की नाही, विचारायला तोंड नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

शुद्धिपत्र लिहिलं: 'दि. ३ रोजीच्या लेखात टाकणे या क्रियापदाच्या कर्त्यासंबंधी अनवधानाने विपर्यास झाला, वाचकांनी कृपया दुरुस्त करून वाचावे.' एकतीस वर्षं अशीच लिहीत आलो.

अनघानं वाचलं. "यात ती बाई कुठे आहे?" म्हणाली. "आणि तुम्ही कुठे आहात?"

मैत्रेयीला फोन केला. तिला वाटलं यंत्रणा बिघडली. सगळं सांगितलं. मग म्हणाली, "बाबा, मजकूर तुमच्यापाशी थांबवला होता तो वाचायला. बदलायला नाही. त्यात बदलता येतं हे माझ्या लक्षातच आलं नाही, कारण कोणी बदलेल असं वाटलंच नव्हतं."

शुद्धिपत्र पाठवलं नाही. अंजूला लिहिलं की मी येतो आहे. उत्तर आलं तर रविवारी जाईन.

२३ फेब्रुवारी, रविवार

उत्तर बुधवारी आलं: "या." सकाळच्या एसटीनं महागाव, तिथून फुलसावंगी, पुढे ऑटो. दोन्ही बाजूंना उपटायला आलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या. ऑटोत शेजारच्याची बकरी माझ्या पायावर बसली होती, त्याच्या बिडीचा धूर तोंडावर. अंग आक्रसून बसलो.

रुपीबाई ओट्यावर तूर पाखडत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, ताठ. चित्रातल्या म्हातारीसारखं काहीही नाही. रडकेपणा तर नावाला नाही. अंजूनं तांब्याभर पाणी आणलं. मला बाहेरचं पाणी सोसत नाही, पोटाचा त्रास आहे, म्हणून घरची बाटली सोबत नेली होतीच, ती काढली. चहा आणला, तोही नको म्हटलं. पाखडणं थांबवून म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं.

"तूच का तो लिहिनारा?"

"हो. रुपीबाई, माझ्याकडून चूक झाली."

"मले कोनं टाकलं, सांग."

मी बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

"पंचाइत बसली होती," ती म्हणाली. "पन्नास मानूस. तांड्याच्या नायकानं विचारलं, कोनं टाकलं कोनाले. माहा बाप उठला, त्याले म्हनलं तू बस. मी उभी राह्यली. म्हनलं, म्या टाकला. जो बैलाले मारते तो मले का सोडीन. साठ वर्सं झाले. त्या तांड्यातला मानूस माह्या डोयात पाह्यत नव्हता. आता पाह्यते. हासून राह्यला."

अंजू खाली पाहत होती.

"मी सगळ्यांना पत्र लिहून कळवतो," मी म्हटलं. "देवीलाललाही."

"पत्र नको. पोरीनं जे लिहिलं ते वाच. मोठ्यानं."

अंजूनं आपला फोन दिला. शेजारच्या बाया आल्या, दोन-तीन माणसं भिंतीला टेकली. मी उभा राहून वाचायला लागलो. दादीनं नवरा टाकला, बैल आणला. पुढच्या ओळीत 'मले' होतं, माझ्या तोंडून 'मला' निघालं.

"तसं नाही मनलं मी," रुपीबाई म्हणाली. "पुन्हा."

पुन्हा वाचलं, पुन्हा 'मला'. जीभ वळेना. तिसऱ्यांदा नीट आलं. शेवटपर्यंत वाचलं. कोणी हसलं नाही. म्हातारीनं सूप उचललं आणि तूर पाखडायला लागली. मग मी निघालो.

परतताना महागावच्या स्टँडवर दोन गरम समोसे खाल्ले, कडक चहा घेतला, तेव्हा कुठे अंगात जीव आला.

१ मार्च, शनिवार

मैत्रेयीकडून तीन गोष्टी करून घेतल्या. मधला थांबा काढला. जे येईल ते येईल तसं जाईल. जाहिरात घुसलीच तर मागून काढेन. दुसरं, वेचणीच्या फीडमध्ये आता अख्खा मजकूर नाही. मथळा, पहिल्या दोन ओळी, आणि लिहिणाऱ्याच्या पानाचा पत्ता. पूर्ण वाचायचं तर त्याच्या घरी जा. 'दणका'च्या मशीनला आता दोन ओळींपलीकडे काही मिळणार नाही. तिसरं, अकराही जणांना विचारलं की तुमचं लिखाण इथे घेऊ का. हे आधी विचारलं नव्हतं. दहा जण हो म्हणाले. अंजूचं उत्तर नाही.

'दणका'नं तीच गोष्ट आता चित्रफितीत टाकली आहे, एक बाई नकली रडक्या आवाजात वाचते. किळस येते, पण आता आधी स्वतःची येते, मग त्यांची.

९ मार्च, रविवार

सकाळी वेचणी उघडली तर अंजूचं फीड सुरू. नवा लेख पहाटेच आला होता, मी पाहायच्या आत साठ जणांकडे गेलाही होता. मथळा: 'सर आले आन आपलं पानी घेऊन आले.'

तिच्या पानावर जाऊन वाचला. मी उभा कसा होतो, रुमाल कसा धरला होता, 'मले' म्हणताना तोंड कसं वाकडं व्हायचं, सगळं आहे. बाया घरी गेल्यावर तसंच तोंड करून हसल्या, तेही. आणि हे: 'पानी देल्लं, घेतलं नाही. चाय देल्ला, घेतला नाही. बाटलीतलं पेले. दादीनं पाह्यलं. ते काही बोलली नाही, म्हनून मी लिहून राह्यली.'

मी पोटाचं कारण दिलं होतं. इथे या वहीतही तेच लिहिलं. मग मागचं पान उलटून त्याच दिवसाच्या शेवटच्या ओळी वाचल्या. स्टँडवरच्या त्या चहाचं पाणी कुठलं, हे मी विचारलं नव्हतं. पोटाला काही झालंही नाही. आमच्या घरी आजोबा कोणाकोणाच्या हातचं पाणी प्यायचे नाहीत, ती यादी मला पाठ होती आणि ती मी विसरलो आहे असं मी समजत होतो. दोन महिने जगाची शिसारी लिहीत बसलो. ती बाटली मी स्वतःच्या हातानं भरून घेतली होती.

अनघाला लेख दाखवला. तिनं पूर्ण वाचला आणि फोन परत दिला. "काढणार आहात?" एवढंच विचारलं.

काढायचं बटण आहे. दिवसभर आहे. माझं नाव तिनं 'नंदकीशोर' लिहिलंय, की दीर्घ. हात दोनदा गेला. मग आठवलं की आता त्यात बदलता येत नाही, आणि बरं वाटलं.

१० मार्च, सोमवार

अंजूला लिहिलं: तू लिहिलंस ते खरं आहे. मला त्याची लाज वाटते. रुपीबाईंना सांग. पुन्हा यायचं असेल तर बोलावलं तरच येईन.

तिनं लिहिलं, "सांगतलं दादीले. ते मनली, खरं आहे त लाज वाटूच द्या." खाली आणखी एक ओळ: "जयंतीले दादी गेली नव्हती सर. पन होळीले जानार आहे. देवीलालच्या तांड्यावर. माह्या फोनवर लेख घेऊन."

१८ मार्च, मंगळवार

आज राजूरहून बाबारावांचं पत्र. त्यांनी अंजूचा तो लेख तिच्या पानावर जाऊन वाचला. मी निघून गेल्यावर रुपीबाई माझ्या पाठीकडे पाहून गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, एक वाक्य बोलली, अंजूनं ते लेखाच्या शेवटी जसंच्या तसं दिलंय, अर्थ न देता. बाबारावांना त्याचा अर्थ हवा आहे. 'तुम्ही तिथे होता, आणि भाषेतले जाणकार आहात,' असं लिहितात.

मला ते वाक्य कळत नाही. शिवी असेल, आशीर्वाद असेल, तुरीबद्दल काही असेल. नऊ दिवस ते मी रोज वाचतो. कोणाला विचारलं नाही. इथे उतरवूनही घेत नाही, ते तिच्या पानावर आहे.

बाबारावांना उत्तर लिहिलं: 'मला माहीत नाही. अंजूलाच विचारा. तिच्या पानाचा पत्ता खाली देतो आहे.'